हित आणि गुज : शालेय समुपदेशनाचा एक मागोवा



आपल्या मराठीत ‘हितगुज’ असा एक शब्द आहे. तो आपण इतक्या सहजपणे वापरतो की त्याच्या पोटात दोन वेगळे शब्द आहेत हे ध्यानातही येत नाही. गुज म्हणजे चारचौघांत न बोलण्याजोगी गोष्ट, आणि हित म्हणजे बोलणाऱ्याचे कल्याण. ज्या कोणी हे दोन शब्द जोडले त्याची अशी खात्री असावी की, ही दोन्ही एकाच घरात सुखाने नांदणारी भावंडे आहेत. घरात कदाचित ती तशी नांदतही असतील. परंतु शाळेच्या फाटकातून आत शिरल्यावर मात्र त्यांचे वरचेवर बिनसते. मुलाचे गुज राखावे तर हित बुडेल अशी भीती वाटते, आणि हित करायला धावावे तर गुज फुटते. शालेय समुपदेशनाचा इतिहास हा या दोन भावंडांच्या भांडणाचा इतिहास आहे, असे मला वाटते. तोच आज आपल्यापुढे थोडक्यात मांडावयाचा आहे.

प्रारंभी आपल्या पनवेलचीच गोष्ट घेऊ. बोरघाट उतरून येणारा माल जेव्हा येथल्या बंदरातून मुंबईला जात असे आणि येथल्या बैलगाडीच्या चाकांचे नाव दूरवर होते, त्या काळचे पनवेल आळ्यांचे आणि वाड्यांचे होते. १८५२ साली येथे नगरपालिका आली, तरी गाव गावच राहिले. कृष्णाळे तळ्याकाठी एखादा मुलगा संध्याकाळी एकटा बसलेला दिसला, तर दिवेलागणीच्या आत ही वार्ता त्याच्या घरी पोचे. अशा गावात मुलाला गुपित असे काही उरत नाही, ही तक्रार खरी. परंतु त्याचे ऐकून घेणारे कान पुष्कळ असतात, हेही तितकेच खरे. आजी असे, शेजारची काकू असे, देवळातले गुरव असत. पुढे सिडको आली, वसाहती उभ्या राहिल्या, १९९८ मध्ये मुंबईची लोकल पनवेलपर्यंत धावू लागली आणि २०१६ च्या ऑक्टोबरात येथे महानगरपालिका झाली. आज खारघर-कामोठ्याच्या बाराव्या मजल्यावर राहणाऱ्या मुलाचे आईवडील सकाळच्या गाडीने जातात आणि रात्रीच्या गाडीने येतात. त्याचे गुपित आता सुरक्षित आहे, कारण ते ऐकायला घरी कोणीच नाही! जुन्या गावात कान फार होते आणि आडोसा नव्हता. नव्या गावात आडोसा फार आहे आणि कान नाहीत. म्हणून शाळेत कोणीतरी ऐकणारा हवा, ही मागणी आज इतक्या जोराने होत आहे.

ही मागणी नवी असली तरी शाळा मात्र नवी नाही, आणि शाळेच्या काही सवयी फार जुन्या आहेत. १८५४ च्या वुडच्या खलित्यानंतर सरकारी अनुदानाची पद्धत आली. अनुदानामागून तपासनीस आले आणि तपासनिसांमागून रजिस्टरे आली. शाळा ही तेव्हापासून लिहून ठेवणारी संस्था झाली. मुलाचे नाव, जात, जन्मतारीख, हजेरी, गुण, सारे काही तिने लिहिले. परंतु ते लिहिले सरकारसाठी आणि पालकासाठी. प्रगतिपुस्तक मुलाच्या दप्तरातून घरी जाते आणि बापाची सही घेऊन परत येते. त्या साऱ्या व्यवहारात मुलाचे काम केवळ टपालवाल्याचे. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर आजही ‘वर्तणूक’ आणि ‘शाळा सोडण्याचे कारण’ असे रकाने असतात. त्या रकान्यांत काय लिहावे हे ज्याच्याविषयी लिहायचे त्याला कोणी विचारीत नाही. मुलाविषयीची माहिती ही शाळेची मालमत्ता आहे, हा समज अशा रीतीने आपल्या अंगवळणी पडला.

मी स्वतः शाळेत असतानाची एक गोष्ट सांगतो. शाळेचे नाव सांगण्याचे कारण नाही. ती कोणतीही शाळा असू शकेल. माझ्या बाकावर बसणारा एक हुशार मुलगा सहामाहीत एकाएकी मागे पडला. आमच्या वर्गाच्या बाई मोठ्या मायाळू. त्यांनी त्याला शाळा सुटल्यावर थांबवून घेतले, जवळ बसवले आणि हळुवारपणे विचारले. वडिलांचे काम सुटले आहे, ते रात्री पिऊन येतात आणि आईवर हात टाकतात, हे त्याने त्यांना सांगितले. बाईंच्या डोळ्यांत पाणी आले. त्यांनी दुसऱ्याच दिवशी मुख्याध्यापकांकडे जाऊन त्याच्या फीमाफीची खटपट केली. मुख्याध्यापकांनी माफी दिली, कारकुनाने यादी केली, शिपायाने ती फलकावर लावली. यादीत ‘माफीचे कारण’ असा एक रकाना होता. त्या मुलाच्या नावापुढे तेथे लिहिले होते : ‘वडिलांचे व्यसन.’ मधल्या सुटीत साऱ्या शाळेने ते वाचले. या चौघांपैकी एकही माणूस दुष्ट नव्हता. प्रत्येकाने आपापले काम चोख केले, आणि मुलाची फीही वाचली. पुढच्या जूनमध्ये तो शाळेत आला नाही. त्याच्या दाखल्यावर ‘वर्तणूक चांगली’ असा शेरा होता, असे मागाहून कळले.

मुलांचे ऐकून घेणारे शिक्षक आपल्याकडे नव्हते असे मात्र कोणी म्हणू नये. १९२४ ते १९३० या काळात साने गुरुजी अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात होते. तेथल्या छात्रालयात मुलांच्या खोल्या झाडणारे, त्यांच्या उशाशी बसणारे गुरुजी मुलांना आईच्या ठिकाणी वाटत, हे महाराष्ट्राला ठाऊक आहे. परंतु आईचे काळीज ही व्यक्तीला लाभलेली देणगी आहे, ती शासननिर्णयाने निर्माण होत नाही. एका छात्रालयाला साने गुरुजी लाभले, म्हणून शेजारच्या छात्रालयातील मुलाने काय करावे? व्यवस्था हवी ती एवढ्याचसाठी की, ज्याला गुरुजी लाभले नाहीत त्यालाही कोणीतरी लाभावे.

व्यवस्थेचा आरंभ आपल्याकडे मुंबईत झाला, आणि तो शाळेच्या बाहेर झाला ही ध्यानात ठेवण्याजोगी गोष्ट आहे. क्लिफर्ड मॅनशार्ट या अमेरिकन मिशनऱ्याने नागपाड्याच्या गिरणगावी वस्तीत समाजकार्य आरंभले होते. त्याच्याच पुढाकाराने १९३६ साली समाजकार्याचे शिक्षण देणारी टाटांची संस्था निघाली. दुसऱ्याच वर्षी, म्हणजे १९३७ मध्ये, तिने बालमार्गदर्शन केंद्र सुरू केले. या प्रकारचे ते हिंदुस्थानातील पहिले केंद्र मानले जाते. ही कल्पना अमेरिकेतून आलेली. तेथे शिकागोत विल्यम हीली याने १९०९ पासून बालगुन्हेगारांचा अभ्यास करताना शिक्षेऐवजी मुलाचे म्हणणे ऐकण्याची प्रथा पाडली होती. अशा केंद्रात मुलाशी बोलणारा माणूस त्याचे पेपर तपासणारा नसे. शिक्षकाच्या आणि सोबत्यांच्या नजरेआड बोलता येत असल्याने तेथे गुज राखणे तुलनेने सोपे होते.

त्याच सुमारास मुंबईत दुसरा एक प्रयोग चालला होता. प्राध्यापक र. धों. कर्वे १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढीत होते. घरी, शाळेत वा वैद्याकडे जे प्रश्न विचारता येत नसत ते लोक त्यांना लिहीत आणि कर्वे त्यांची सरळ उत्तरे छापीत. वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या अशाच उत्तरांवरून १९३४ साली त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली. खटला हरला आणि दंड झाला. परंतु शरमेपोटी जे गिळून टाकले जाते त्याला एक विश्वासाचे ठिकाण हवे, ही गरज त्या खटल्याने भर न्यायालयात आणली. कर्वे १९५३ साली वारले आणि त्यांच्यासोबत ते मासिकही संपले.

स्वातंत्र्यानंतर मार्गदर्शन शाळेच्या आत आले. परंतु ते वेगळ्याच दरवाजाने आले. बॉस्टनमध्ये फ्रँक पार्सन्सने १९०८ साली व्यवसाय-मार्गदर्शनाचे कार्यालय काढले होते. कोणता मुलगा कोणत्या कामाला लायक आहे हे पारखून त्याला योग्य जागी लावून द्यावे, हा त्याचा हेतू. नव्या राष्ट्राला कारखाने उभारायचे होते, माणसे हवी होती. साहजिकच हीच कल्पना आपल्याला जवळची वाटली. मुंबई सरकारने १९५० साली व्यवसाय-मार्गदर्शनाचा विभाग काढला, आणि १९५४ मध्ये केंद्रीय स्तरावरही असे कार्यालय निघाले. दरम्यान १९५२ साली नेमलेल्या माध्यमिक शिक्षण आयोगाने आपला अहवाल १९५३ मध्ये दिला. प्रत्येक विद्यार्थ्याची सर्वांगीण नोंद शाळेने ठेवावी, आणि शाळांना मार्गदर्शन अधिकारी मिळावेत, अशा दोन शिफारशी त्यात होत्या. या आयोगाचे अध्यक्ष लक्ष्मणस्वामी मुदलियार हे पेशाने डॉक्टर होते. रोग्याची वही कोणी वाचावी आणि कोणी वाचू नये हे डॉक्टरांच्या पेशात पहिल्या दिवशी शिकवतात. शाळेत मात्र नोंदवही आली, आणि ती कोणी वाचू नये हा नियम तिच्यासोबत आला नाही.

पुढे कोठारी आयोगाने १९६६ साली या विचाराला रुंदी दिली. मार्गदर्शन हे प्राथमिक शाळेच्या पहिल्या पायरीपासून असावे, ते केवळ धंदा निवडण्यापुरते नसावे, असे त्याने बजावले. या आयोगाचे सदस्य-सचिव कोल्हापूरकडचे जे. पी. नाईक होते, खेड्यातली शाळा कशी असते हे त्यांना कोणी सांगण्याची आवश्यकता नव्हती. म्हणून प्रत्येक शाळेला समुपदेशक द्या अशी चैनीची मागणी न करता, दहा माध्यमिक शाळांमिळून एक फिरता समुपदेशक असावा असा मध्यम मार्ग आयोगाने सुचवला. तेवढेही सर्वत्र झाले नाही. व्यवसाय-मार्गदर्शनाची परंपरा मात्र टिकली. २०१६ पासून काही वर्षे आपल्या राज्यात दहावीच्या मुलांची कलचाचणी घेतली गेली ती याच घराण्यातली. पारखून जागी लावणे या कामात गुपिताला स्थान नसते; तेथे माहिती जितकी फिरेल तितके बरे. समुपदेशक आमच्या शाळांत शिरला तो या पारख्याचा अंगरखा घालून, आणि तो अंगरखा अजून पुरता उतरलेला नाही.

त्याला आपण दिलेले नावही पाहा. ‘समुपदेशन’ या शब्दात ‘उपदेश’ बसलेला आहे. उपदेश करणारा बोलतो आणि ऐकणारा मान डोलावतो. या कामात घडायला हवे ते नेमके उलट. शब्द आता रूढ झाला आहे, तो बदलण्याचा आग्रह मी धरीत नाही. परंतु समुपदेशकाच्या खोलीत पाठवलेल्या मुलाला आपल्याला शिक्षा झाली असे का वाटते, याचे थोडे उत्तर या शब्दातही असावे.

गुज राखण्याचा विचार मग आला कोठून? तो शिक्षणखात्यातून आला नाही. कायद्यातून आणि वैद्यकातून आला, आणि तोही तुकड्यातुकड्यांनी. १८७२ च्या पुरावा कायद्याने अशिलाने वकिलाला सांगितलेले आणि पतिपत्नींनी एकमेकांना सांगितलेले न्यायालयातही सुरक्षित मानले. डॉक्टर वा शिक्षक यांना ते कवच दिले नाही. त्याच्या जागी १ जुलै २०२४ पासून नवा कायदा आला, त्यानेही ही रेषा हलवली नाही. परदेशात दोन निकाल गाजले. कॅलिफोर्नियाच्या न्यायालयाने १९७६ साली टॅरासॉफ प्रकरणात सांगितले की, रुग्णाकडून दुसऱ्या कोणाच्या जिवाला धोका असेल तर त्या माणसाचे रक्षण करणे हे उपचार करणाऱ्याचे कर्तव्य आहे. तेथे गुपिताची मर्यादा संपते. इंग्लंडमध्ये १९८५ च्या गिलिक प्रकरणात ठरले ते असे की, सोळा वर्षांखालील मुलाला गोष्ट पुरती समजत असेल, तर पालकांच्या संमतीवाचूनही डॉक्टर त्याला सल्ला देऊ शकतो. एका निकालाने गुपिताला कुंपण घातले आणि दुसऱ्याने मुलाला गुपिताचा हक्क दिला.

आपल्याकडे १९९६ साली मुंबईत, जेरू बिलिमोरिया यांच्या पुढाकाराने आणि त्याच टाटा संस्थेच्या आश्रयाने, १०९८ हा मुलांसाठीचा दूरध्वनी सुरू झाला. चेहरा न दाखवता बोलण्याची सोय रस्त्यावरच्या मुलाला मिळाली. २०१२ च्या नोव्हेंबरात बालकांचे लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण करणारा ‘पॉक्सो’ कायदा अमलात आला. अशा अपराधाची माहिती ज्याला असेल त्याने ती पोलिसांना कळवलीच पाहिजे, न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, असा त्याचा दंडक आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला. परंतु अठरा वर्षांखालील मुलाचा प्रतिनिधी म्हणून तो सामान्यतः पालकालाच धरतो. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला. अखेर २५ जुलै २०२५ रोजी त्याच न्यायालयाने, विशाखापट्टणमला शिकणाऱ्या एका विद्यार्थिनीच्या मृत्यूच्या प्रकरणात, देशभरच्या शिक्षणसंस्थांना निर्देश दिले. शंभर वा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत निदान एक प्रशिक्षित समुपदेशक असावा, आणि लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर संबंध जोडावा. कोठारी आयोगाने दहा शाळांमागे एक मागितला, त्यानंतर एकोणसाठ वर्षांनी हे घडले.

आता या साऱ्या तुकड्यांच्या मध्ये बसलेल्या समुपदेशकाची अवस्था डोळ्यांपुढे आणा. सोळा वर्षांची एक मुलगी त्याच्याकडे येते आणि म्हणते, “सर, कोणाला सांगणार नाही ना?” तो सवयीने म्हणतो, “नाही सांगणार, बोल.” ती आपल्या प्रेमाची गोष्ट सांगते. कायद्याने अठरा वर्षांखालच्या मुलीची संमती ही संमतीच नव्हे. ती गोष्ट एका मर्यादेपलीकडची असेल, तर त्याला ती पोलिसांना कळवणे भाग आहे. त्याने कळवले तर दिलेला शब्द मोडला. न कळवले तर कायदा मोडला. डॉक्टरांपुढेही हाच पेच होता. २०२२ च्या सप्टेंबरात सर्वोच्च न्यायालयाने, अल्पवयीन मुलीच्या गर्भपातासंबंधी कळवताना डॉक्टरने तिची ओळख उघड करण्याची गरज नाही, अशी वाट काढून दिली. शाळेतल्या समुपदेशकाला ती वाट मिळालेली नाही.

उलट बाजूही विसरता कामा नये. २०२४ च्या ऑगस्टमध्ये बदलापूरला दोन अगदी लहान मुलींवर शाळेतच अत्याचार झाल्याचे उघडकीस आले, लोक रुळांवर उतरले आणि मुंबई उच्च न्यायालयाने आपणहून दखल घेतली. वेळेवर न कळवल्याबद्दल शाळेच्या चालकांवरही गुन्हा नोंदला गेला. अशा ठिकाणी मौनाला गुपित राखणे म्हणता येत नाही. मुलाचे गुपित मुलासाठी असते आणि संस्थेचे गुपित अब्रूसाठी असते. दोन्हींना एकच शब्द लावून आपण मोठा घोटाळा करून ठेवला आहे. कळवण्याचा दंडक कायद्याला घालावा लागला तो या दुसऱ्या प्रकारच्या मौनामुळे. त्याचा भार मात्र पहिल्या प्रकारच्या गुजावर पडला.

मग यातून मार्ग कोणता? मला वाटते, चूक कळवण्यात नाही आणि राखण्यातही नाही. ती त्या पहिल्या वाक्यात आहे. “कोणाला सांगणार नाही” हे वचन देण्याचा अधिकार शाळेतल्या कोणालाच नाही. त्याने बोलणे सुरू होण्यापूर्वी म्हणावे : “तू सांगशील ते मी माझ्यापाशी ठेवीन. मात्र तुझ्या जिवाला किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका असेल, अथवा कोणी तुझ्यावर अत्याचार करीत असेल, किंवा कायद्याने कळवायलाच हवी अशी गोष्ट असेल, तर मला योग्य माणसाला सांगावे लागेल. ते मी तुला आधी सांगून करीन.” असे म्हटले तर मूल बोलणारच नाही, अशी शंका कोणी काढील. काही मुले त्या दिवशी थांबतीलही. परंतु ज्या मुलाला कुंपण कोठे आहे हे आधी दाखवले, त्याला आत किती मोकळी जागा आहे हेही कळते. तो पुन्हा येतो. फलकावर आपले गुपित वाचलेला मुलगा मात्र पुन्हा येत नाही.

आमच्या त्या बाईंनी काय करायला हवे होते? फीमाफीची खटपट त्यांनी करायलाच हवी होती. ते हित होते. त्यांनी मुलाला एवढे विचारायला हवे होते की, “मुख्याध्यापकांना सांगू का? आणि किती सांगू?” मुख्याध्यापकांनी कारकुनाला नाव द्यावे, कारण देऊ नये. कारकुनाच्या यादीत तो रकानाच नसावा. याला पैसा लागत नाही, पद निर्माण करावे लागत नाही, प्रशिक्षणही फारसे लागत नाही. गोष्ट जितक्या हातांतून जायला हवी तितक्याच हातांतून जावी, आणि प्रत्येक हातात कामापुरतीच पडावी, एवढे भान लागते.

श्रोतेहो, यंदा शाळा उघडल्यावर आपल्यापैकी बरेच जण पालकसभेला जातील. तेथे समुपदेशक नेमला आहे का, हे आपण विचाराल. ते विचारायलाच हवे. त्यासोबत आणखी तीन प्रश्न विचारा. त्यांची बसायची खोली कोठे आहे. ती मुख्याध्यापकांच्या दालनाला लागून असेल आणि दारात साऱ्या वर्गांची ये-जा असेल, तर तेथे कोणते मूल पाऊल टाकील? त्यांची वही शाळेच्या दप्तरात असते की वेगळ्या कपाटात? आणि त्या कपाटाची किल्ली कोणापाशी असते? उत्तर देताना कोणी म्हणेल की, “पालकांपासून लपवण्याजोगे असे काय असते?” तेव्हा रागावू नका. मनातल्या मनात आपले स्वतःचे चौदावे वर्ष आठवा, आणि त्या वर्षी आपण वडिलांना काय काय सांगितले नव्हते ते आठवा. मग पुन्हा शांतपणे विचारा, किल्ली कोणापाशी असते?